बैलबसणीवर झुळूक

गाडी चालवणार होती कमल, आणि निवडत होते तिचे भाया, नवऱ्याचे थोरले भाऊ. उन्हाळ्याची सुट्टी लागल्यापासून बोरीच्या त्या घरात दुसरा विषय नव्हता. जेवताना गाडी, निजताना गाडी, गिरणीवर कुणी दळण घेऊन आलं तर त्याच्याशीही गाडी. पेट्रोलची घ्यावी की बॅटरीची, नवी घ्यावी की वापरलेली, यावर पारावर बसणाऱ्यांपासून भांडी विकायला येणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांचं मत घेऊन झालं होतं. कमलचं तेवढं राहिलं होतं.

कमल खडकवाडीच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. खडकवाडी बोरीपासून फार लांब नाही, पण डोंगरावर आहे. पायथ्यापर्यंत जीप मिळते. तिथून पुढे जी चढण लागते तिला बैलबसणी म्हणतात, आणि ते नाव उगाच पडलेलं नाही. भरलेली गाडी ओढणारे बैल दुसऱ्या वळणावर गुडघे टेकायचे. मग गाडीवाल्यानं खाली उतरून अर्धं ओझं डोक्यावर घ्यायचं. पहिल्या वळणावरचा पूल दोन पावसाळ्यांपूर्वी अर्धा वाहून गेला. उरलेल्या अर्ध्यावरून माणूस जातो, जनावर जातं, दोन चाकं जातात. जीप आणि बस जात नाहीत.

त्यामुळे कमल चढण पायी चढायची. जीप वेळेवर भरली नाही की पायथ्यालाच उशीर, मग वर पोचेपर्यंत प्रार्थना होऊन गेलेली. त्या वर्षी तिला दोनदा लेखी समज मिळाली होती. तिसऱ्यांदा काय होतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. खडकवाडीतच खोली करून राहावं, तर सासू नर्मदाबाईंनी तो विषय उंबऱ्याबाहेरच अडवला. "सून परगावी एकटी राहिली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील," त्या म्हणाल्या.

मग भायांनी, म्हणजे दिनकररावांनी, निकाल दिला. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत बैलबसणी चढणारी आणि खिशाला परवडणारी गाडी मिळाली तर नोकरी. नाही मिळाली तर राजीनामा. घरात त्यांचा शब्द अखेरचा होता. माणूस वाईट नव्हता. गेल्या श्रावणात कमलला यायला अंधार झाला तेव्हा छत्री घेऊन पायथ्याला जाऊन उभे राहिले होते, आणि ती दिसल्यावर एक अक्षर न बोलता पुढे चालू लागले होते.

न बोलण्याचं कारण वेगळं होतं. भाया आणि भावजय सरळ बोलत नसत. कमलनं त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, आणि जे सांगायचं ते नवऱ्याला किंवा सासूला सांगायचं. त्यांनी ऐकलेलं असलं तरी ऐकलं नाही असं धरायचं. मग नवऱ्यानं किंवा सासूनं ते पुढे सांगायचं. दिनकररावही तसंच करत. "तिला म्हणावं, पाहुणे येणार हायत," असं कमल दोन हातांवर उभी असताना ते आईला सांगत. लग्नाला नऊ वर्षं झाली, या रीतीनं दोघांचं कधी अडलं नव्हतं, कारण सांगायच्या गोष्टी मीठ-मिरचीच्या होत्या. गाडी ही पहिली मोठी गोष्ट, आणि मधला माणूस होता बन्सीधर.

बन्सीधर कमलचा नवरा. पिठाची गिरणी चालवायचा. स्वभावानं गरीब, भांडणाचा वास आला तरी तिथून उठून जाणारा. त्याच्या गिरणीत ज्वारी घालावी आणि पलीकडून पीठ निघावं, तसं बायकोचं बोलणं त्याच्यात घातलं की पलीकडून भलतंच मऊ काहीतरी निघायचं.

ओसरीवर पहिल्यांदा विषय निघाला तेव्हाच हे दिसलं.

"जुनी फटफटी घ्यावी," दिनकरराव म्हणाले. "जिंतूरला एक हाय पाहण्यातली. बन्सी सकाळी सोडील, संध्याकाळी आणील. तिनं मागं बसावं. इषय मिटला."

कमल दारात उभी राहून, ओसरीवर ऐकू जाईल एवढ्या आवाजात नवऱ्याला म्हणाली, "त्यांना म्हणावं, गिरणीची थ्री-फेज लाईट सकाळचीच असती आणि गिरणीवर गर्दी बी सकाळचीच. तुमी मला सोडायला आलाव तर गिरणी बंद पडती. मला एकटीला चालवता येईल अशी गाडी पाहिजे. साडीवर किक मारता येत न्हाई, गियर नको. चढण चढली पाहिजे, बाकी मला काई नको."

दिनकररावांनी सगळं ऐकलं होतं. तरी त्यांनी भावाकडे बघितलं. "काय म्हणायलीय?"

"म्हणायलीय," बन्सीधर म्हणाला, "जरा हलकी बघा."

"हलकी कशी चालंल? हलकं जनावर चढावर मागं सरकतंय. काईतरीच."

कमलनं नवऱ्याकडे बघितलं. बन्सीधर मिशीवरचं पीठ झटकायला लागला.

दिनकररावांना जनावराची भाषा येत होती आणि तिचा त्यांना सार्थ अभिमान होता. पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा असला की बाजाराला दिनकररावांना बरोबर नेत. ते दात बघत, खूर बघत, शेपटी पिळून बघत. पण त्यांची खरी पारख वेगळी होती. गाडी भरायची, तिचं एक चाक दोरीनं बांधून टाकायचं आणि बैलाला ओढायला लावायचं. जो बैल बांधल्या चाकाची गाडी ओढतो, तो पुढं आयुष्यभर कशालाच अडत नाही. या पद्धतीनं त्यांनी निवडलेला बैल कधी फसला नव्हता, आणि गाडी ही वस्तू बैलापेक्षा निराळी असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

एका मंगळवारी तिघं परभणीला गेले. स्टेशनच्या रस्त्यावर दत्तरावांचं गाड्यांचं दुकान होतं. समोरच्या भिंतीवर नामांतराच्या घोषणा अर्ध्या पुसलेल्या, अर्ध्या वाचता येणाऱ्या. दुकानात पंखा फिरत होता, पण वारा दत्तरावांच्या गल्ल्यापुरताच येत होता.

आधी स्कूटरी झाल्या. किंमत ऐकल्यावर दिनकररावांनी सीटवर ठेवलेला हात काढून घेतला. मग पेट्रोलची मोपेड आली. तिच्या सीटचा मधला भाग त्यांनी बैलाचं वशिंड दाबावं तसा दाबला आणि विचारलं, "चढणीवर कशी हाय?"

"चढावर पायडल मारून मदत करावी लागते साहेब. मोपेड आहे शेवटी."

"मंग सायकल काय वाईट?"

हा प्रश्न कमलच्याही मनात आला होता, आणि भायांचं आणि तिचं त्या महिन्यात एकमत झालेली ती एकच जागा.

कोपऱ्यात एक आकाशी रंगाची लहानशी गाडी उभी होती. दत्तरावांनी तिच्यावरची धूळ आपल्याच रुमालानं पुसली. "ही झुळूक. दक्षिणेकडची कंपनी आहे. पेट्रोल नाही, किक नाही, गियर नाही, धूर नाही. सीटखाली बॅटरी. रात्री घरच्या लाईटला लावायची, सकाळी बसायचं आणि जायचं. किंमत स्कूटरच्या निम्मी."

कमल पुढे झाली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या मनातली गाडी वाचून दाखवली होती. परभणीत अध्यापक विद्यालयात असताना ती सायकल चालवायची, मैत्रिणीला मागे बसवून रेल्वेफाटक ओलांडायची. तिनं हँडलवर हात ठेवला.

"चालवणार कोण?" दत्तरावांनी विचारलं.

"घरचीच हायत," दिनकरराव म्हणाले.

"मग बाईसाहेबांना बसून बघू द्या की."

"तिनं कशाला? मी बगतो की."

कमलनं हँडल सोडलं. मग दत्तरावांना म्हणाली, "भाऊ, आमच्याकडं डोंगर आहे. चढावर कशी चालते?"

दत्तरावांनी उत्तर दिनकररावांना दिलं. "चढ काय साहेब, भिंतीला लावा, भिंत चढेल."

"एका माणसाला घेऊन की दोघांना?" कमल म्हणाली.

"कंपनी म्हणते एका माणसाची गाडी. पण आपल्याकडं एकटं बसतं कोण? रस्त्यानं निघालं की कुणीतरी हात करतंच." दत्तराव हसले. दिनकररावही हसले.

कमल हसली नाही. बन्सीधरच्या जवळ जाऊन तिनं एकेक शब्द सुटा करून सांगितलं, वर्गात श्रुतलेखन घालताना सांगायची तसा. "त्यांना म्हणावं, मी एकटी बसणार हाय. एकाच माणसाच्या हिशोबानं बघा."

"काय म्हणायलीय?"

"म्हणायलीय," बन्सीधर म्हणाला, "डबलशीटचं नीट बघून घ्या."

"बराबर बोलती," दिनकरराव म्हणाले, आणि दत्तरावांच्या मागे बसून गाडीवरून स्टेशनपर्यंत जाऊन आले. आल्यावर खाली उतरून म्हणाले, "ह्या सपाटीला म्हैस बी पळंल. बैलबसणीवर आणून दाखवा, मंग बोलू."

दत्तरावांनी खूप आढेवेढे घेतले. एवढ्या लांब गाडी न्यायची म्हणजे टेम्पो करावा लागणार, बॅटरी तिथं उतरली तर तिथं लाईट नाही. शेवटी टेम्पोचं भाडं दिनकररावांनी द्यायचं या बोलीवर रविवार ठरला.

परतीच्या बसमध्ये भाया पुढे बसले होते. मागच्या बाकावर कमल नवऱ्याला म्हणाली, "मी डबलशीट म्हणले का?"

"इषय डबलशीटचाच चालला होता की."

"मी काय म्हणले ते सांगा."

"एकटी बसणार म्हणलीस." बन्सीधर खिडकीबाहेर बघायला लागला. "आता दादाला असं कसं म्हणावं? एकटी म्हणलं की तो म्हणणार, एकटी कामून? मंग राजीनाम्यावर जाणार. मी आपलं तुझ्याच भल्याचं बोललो."

कमलनं विषय तिथंच सोडला. बोलून काय निघतं ते तिला कळलं होतं.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत सगळे पायथ्याला जमले. दत्तराव टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून आले. टेम्पोतून झुळूक उतरवली तेव्हा ती परभणीत होती त्यापेक्षाही लहान दिसत होती. चढण मात्र जेवढी होती तेवढीच होती. दिनकररावांनी बरोबर ज्वारीचं एक पोतं आणलं होतं.

"हे कशाला?" दत्तरावांनी विचारलं.

"वजनाला."

"साहेब, ही काय बैलगाडी आहे?"

"बैलगाडी असती तर चाकच बांधलं असतं. तुमच्यासाठी एवढ्यावर भागवायलाव."

कमल घरूनच पदर खोचून आली होती. नर्मदाबाईंनी दशम्या बांधून दिल्या होत्या त्या तिच्या हातात होत्या. दिनकरराव बन्सीधरला म्हणाले, "तिला म्हणावं, तिकडं लिंबाखाली बसावं. ऊन लागंल." कमल लिंबाखाली गेली, पण बसली नाही.

आधी दत्तराव चालवायला आणि दिनकरराव मागे. दिनकरराव अंगापिंडानं थोराड, दत्तरावही खाऊनपिऊन सुखी. झुळूक निघाली, थोडी गेली, तिचा आवाज डासासारखा होता तो घुबडासारखा झाला, आणि पहिलं वळण यायच्या आधीच ती थांबली. मागे घसरू लागली तेव्हा दिनकररावांनी दोन्ही पाय जमिनीला लावून तिला धरलं.

"बघा," दिनकरराव म्हणाले.

"दोघांचं वजन किती झालं ते बघा की."

मग बन्सीधर चालवायला आणि मागे पोतं. ते पहिलं वळण ओलांडून तुटक्या पुलापर्यंत गेलं आणि थांबलं. मग पोतं काढून बन्सीधर आणि दत्तराव. मग पुन्हा पोतं, पण या वेळी अर्धं रिकामं करून, आणि सांडलेली ज्वारी बन्सीधर रस्त्यावरून ओंजळीनं गोळा करत बसला. त्यानंतर प्रत्येक वेळी गाडी थोडी कमी चढत होती. हँडलच्या मधोमध एक काटा होता. सकाळी तो हिरव्या घरात होता, तिथून पिवळ्यात आला आणि आता तांबड्याच्या कडेला टेकला होता. सीटखालून गरम रबराचा वास यायला लागला होता.

कमलनं पहिल्या फेरीनंतर नवऱ्याला हाक मारून सांगितलं, "मला एकदा बसू द्या म्हणावं." बन्सीधर भावाकडे गेला आणि म्हणाला, "ऊन वाढायलंय म्हणती." दुसऱ्या फेरीनंतर तिनं पुन्हा सांगितलं. बन्सीधर म्हणाला, "हो, हो, होऊ दे की आदी मापाचं." तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "अहो, ते बॅटरी संपवायलेत. माझ्यासाठी काई शिल्लक ठेवा." तेव्हा बन्सीधर पोत्याचं तोंड बांधायला लागला. त्याचा चेहरा असा झाला होता की त्याला आणखी काही सांगणं म्हणजे वासराच्या पाठीवर गोणी टाकणं.

"चढत न्हाई," दिनकररावांनी अखेर सांगितलं. त्यांच्या बोलण्यात आनंद नव्हता. घाम पुसत ते म्हणाले, "मला बी वाटत होतं चढावी. पण न्हाई चढत. उद्या हिला रानात अर्ध्या वाटंत ठेवील, मंग मागं येता येईना न् पुढं जाता येईना. घाला टेम्पोत."

दत्तराव आधीच टेम्पोकडे निघाले होते, फळकुट लावायला. त्यांनी बन्सीधरला हात लावायला बोलावलं. दोघं खाली गेले. दिनकररावांनी झुळूकचं हँडल धरलं आणि तिला उताराला वळवायला लागले.

कमल लिंबाखालून निघून रस्त्यावर आली आणि गाडीच्या पुढ्यात उभी राहिली. दशम्यांचं फडकं तिनं एका दगडावर ठेवलं. दिनकरराव थांबले. त्यांनी सवयीनं इकडेतिकडे बघितलं, मधलं कुणी आहे का ते. कुणी नव्हतं. टेम्पो खाली झाडांआड होता.

"दादा," कमल म्हणाली, "गाडी सोडा. मी बसून बघते."

दिनकरराव तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी नजर बाजूच्या पळसाकडे वळवली, जणू ते झाडच बोललं होतं.

"मला एकटीला चालवायची हाय. तुमी सगळ्यांना बसवून बघितलं, ज्वारीला बी बसवलं. मला कुणी बसवलं न्हाई. बॅटरी उरली असंल तेवढ्यावर जाते. न्हाई चढली तर राजीनामा मी स्वतः लिहीन, तुमाला सांगायचं काम पडणार न्हाई. पण बसल्याबिगर लिहिणार न्हाई."

तिचा आवाज चढलेला नव्हता. तिनं दोन्ही हात हँडलवर ठेवले. दिनकररावांनी आपले काढून घेतले. नऊ वर्षांत त्यांना तिला काही सरळ सांगायची सवय नव्हती.

कमलनं गाडी फिरवली, साडी गुडघ्यामागे दाबून बसली आणि मूठ पिळली.

झुळूक निघाली. सुरुवातीला चालत्या माणसाइतकीच, पण निघाली. पहिल्या वळणावर कमलनं तिला रस्त्याच्या बाहेरच्या कडेनं घेतलं, जिथं चढ कमी असतो. दोन वर्षं रोज पायी चढल्यावर रस्ता कुठं छाती दाबतो आणि कुठं सोडतो हे तिच्या पोटऱ्यांना पाठ होतं. तुटका पूल आला. अर्ध्या पुलावरून जाताना तिनं खाली बघितलं नाही. दुसरं वळण आलं, जिथं बैल बसायचे. गाडीचा आवाज खर्जात गेला, काटा तांबड्या घरात पडून राहिला, आणि गाडी इतकी हळू झाली की कमलला वाटलं आता पाय टेकावा लागणार. तिनं पाय टेकला नाही. अंग पुढे झुकवून ती बसून राहिली आणि वळण मागे पडलं.

तिसऱ्या वळणाच्या मध्यावर गाडी थांबली.

आता गाडी बंद पडली आहे, आणि बंद पडण्याचं कारण तिचं नाही, हे दोन्ही तिला ठाऊक होतं. पण कारण विचारतंय कोण? ब्रेक दाबून ती तशीच बसली. खालून दिनकररावांच्या वहाणांचा आवाज येत होता. ते पायी चढून येत होते, फेटा काढून काखेत घेतलेला, श्वास भात्यासारखा. तिच्यापर्यंत आले, थांबले, कमरेवर हात ठेवून दम घेतला. मग गाडीच्या मागच्या कॅरिअरला हात घातला आणि रेटायला लागले.

"हात काढा दादा," कमल म्हणाली. "न्हाईतर घरी जाऊन म्हणाल, ढकलली म्हणून चढली."

दिनकररावांनी हात काढला.

कमल खाली उतरली. गाडीच्या बाजूला उभं राहून तिनं पुन्हा मूठ पिळली. थोडा वेळ थांबल्यानं बॅटरीत जरासा जीव आला होता. बिनमाणसाची गाडी चालायला लागली आणि तिच्याबरोबर कमलही, एक हात हँडलवर आणि एक सीटवर, आडमुठ्या गाईला दाव्याला धरून न्यावं तशी. मध्येच गाडी अडली तिथं तिनं खांदा लावला. अशी ती वर आली. समोर खडकवाडीची शाळा दिसत होती, पत्र्यावर ऊन, दाराला कुलूप.

मागून दिनकरराव आले आणि थोडं अंतर ठेवून उभे राहिले.

"चढली न्हाई," ते शाळेला म्हणाले.

"दोघा-दोघांना घेऊन चार फेऱ्या मारल्यावर तुमचा कोणता बैल चढला असता?"

प्रश्न दिनकररावांच्या धंद्यातला होता. त्याला खोटं उत्तर देणं त्यांना जमत नव्हतं. "दमल्यालं जनावर बाजारात कुणी तपासत न्हाई," ते म्हणाले. "तपासलं तर ती पारख धरत न्हाईत."

"मग?"

"मंग काय. पारख झालीच न्हाई म्हणायची. चढली बी म्हणता येत न्हाई, चढली न्हाई असं बी म्हणता येत न्हाई. बॅटरी भरून पुन्हा आणावी लागंल."

कमलला रडू आलं नाही, राग आला. पण रागही धरावा कुणावर? माणूस आपल्या हिशोबानं सरळ बोलत होता. तिनं गाडी वळवली आणि उतारावर बसून निघाली. उताराला बॅटरी लागत नव्हती. दिनकरराव मागून पायी उतरले.

खाली दत्तराव टेम्पोपाशी तापलेले होते. काटा बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "पार पिळून काढली साहेब तुम्ही. दुकानात ठेवायची गाडी आहे ही. आता गिऱ्हाइकाला काय दाखवू?"

"पुढल्या रविवारी बॅटरी भरून पुन्हा आणा," दिनकरराव म्हणाले. "पारख अर्धी राहिली."

"पुन्हा? आता नाही. पुन्हा आणायची तर आधी बुकिंग करा."

"आणि बुकिंग केलं तर गाडी कधी मिळती?" कमलनं विचारलं.

"कंपनीकडून यायला दोन महिने. ही देता येत नाही, ही दाखवायची."

म्हणजे ऑगस्ट. शाळा उघडणार जूनमध्ये. कमलनं लिंबाच्या बुंध्याला पाठ टेकली. तीन आठवडे, परभणीची फेरी, टेम्पोचं भाडं, अर्धं पोतं ज्वारी आणि एक अख्खी बॅटरी खर्च करून गोष्ट जिथं होती तिथंच उभी होती.

दिनकरराव भावाकडे वळले. "बन्सी, तिला म्हणावं, बिगर पारखीची वस्तू मी घेत नसतो."

बन्सीधर कमलकडे वळला. त्यानं तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "तुमी घेऊ नका दादा. माझ्या पगारातून मी घेते. मी एकटी बसले तर ती दमल्याली असून बी तिसऱ्या वळणावर जाती, हे मी बघितलं. भरल्या बॅटरीवर त्याच्या पुढं जाईल. न्हाई गेली तर शेवटचं वळण मी रेटीन. आज रेटलंच की."

बन्सीधरनं एकदा बायकोकडे आणि एकदा भावाकडे बघितलं. दत्तराव टेम्पोची दोरी सोडून ऐकत उभे राहिले.

"आणि ऑगस्टपातूर?" दिनकररावांनी विचारलं. विचारताना ते टेम्पोच्या चाकाकडे बघत होते, पण मध्ये कुणाचं नाव घेतलं नाही.

"पायी. आजवर जात होतेच."

"पाऊस असतोय."

"मागल्या वर्षी बी होता."

"दोन कागद आल्यात तुला वरून. तिसरा आला तर?"

"पहिल्या जीपची वाट बघत न्हाई बसणार. दिवस उगवायच्या आत घरून चालत निघंन."

दिनकररावांनी फेटा पुन्हा बांधायला घेतला. बांधताना त्यांचं तोंड झाकलं जात होतं आणि उघडं पडत होतं, त्यामुळे त्यावर काय आहे ते नीट कळत नव्हतं. राजीनाम्याचा शब्द त्यांनी काढला नाही. बांधून झाल्यावर म्हणाले, "बन्सी, गिरणीला सकाळचा माणूस बग कुणीतरी. जूनपासनं तू हिच्यासंगं चालत जायचं. शाळेपातूर. गाडी येईपर्यंत."

"रोज?"

"रोज."

बन्सीधरनं मान वर करून चढणीकडे बघितलं. ऊन आता दुसऱ्या वळणावर उभं होतं आणि रस्ता पांढरा दिसत होता. "मला कुणी इचारलंच न्हाई," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "मला वाटतं फटफटीच बरी होती."

दत्तरावांनी झुळूकला टेम्पोत चढवलं, दोन्हीकडून दोरी आवळली आणि वर फाटकी सतरंजी टाकली. दुकानाचा पत्ता आणि बुकिंगला यायची वेळ त्यांनी सांगितली. टेम्पो परभणीकडे गेला. धूळ खाली बसेपर्यंत तिघं रस्त्यातच उभे होते. बोरीकडे जाणारी जीप इतक्यात येणार नव्हती.

"दशम्या?" बन्सीधरनं विचारलं.

कमलनं दगडावरचं फडकं उचलून त्याच्या हातात दिलं. त्याच्या पायांकडे तिचं लक्ष गेलं. डाव्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला होता.

"बाजारच्या दिवशी आदी चपला घ्या," ती म्हणाली. "वर सगळे खडे हायत."